उजवीकडचे चमचे

४ मार्च

दादा,

वहिनींनी पाठवलेला पेनड्राइव्ह मिळाला. नऊ फाइली आहेत आणि नऊही उघडतात. पोच म्हणून एवढं पुरेसं होतं, पण तू मत मागितलं आहेस. म्हणजे वहिनी म्हणतात की मागितलं आहेस. सोबतच्या चिठ्ठीतलं अक्षर त्यांचंच आहे.

पत्र अशासाठी की तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "हं, हं" करून ठेवून देतोस. मेसेज बघतोस आणि तसाच सोडतोस. वहिनी म्हणतात, ताटाशेजारी ठेवलेला कागद मात्र तू वाचतोस. म्हणून कागद.

अल्बम चांगला आहे. मी पंख्यांचे आणि पंपांचे आवाज मोजते. नाचायच्या संगीतातलं मला कळतं असं मी म्हणणार नाही. पण दुसरा ट्रॅक ऐकताना माझा पाय हलत होता. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवते. कपडे धुण्याच्या यंत्राची शेवटची गरगर तू बेसखाली घातली आहेस, ते ऐकून मला हसू आलं. कपाटाची बिजागरी सुरात लावली आहेस. चमच्यांचा खण उघडतानाची ती छनछन सगळ्या ट्रॅकमध्ये ताल धरून आहे. पहिला अल्बम म्हटल्यावर लोक आपण कुठल्या खोलीत बसलो होतो ते लपवतात. तू स्वयंपाकघर स्वयंपाकघरच राहू दिलंस.

आता दोष. पाचव्या ट्रॅकपासून उजवीकडचे चमचे टोचायला लागतात. नवव्यात तर मी हेडफोन काढून बाजूला ठेवला. तुझा उजवा स्पीकर कमी वाजत असावा, किंवा वायर सैल असेल. त्यामुळे तुला तिकडचं कमी ऐकू येतं आणि तू वाढवत जातोस. तपासून घे. शेवटची लेव्हल लावायचं काम मी करून देईन. वहिनींनी तसंही विचारलं होतं.

बाबा बरे आहेत. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही.

तुझी बहीण


१६ मार्च

दादा,

"वायर ठीक आहे." वहिनींच्या फोनवरून आलेलं तुझं हे संपूर्ण उत्तर. ठीक आहे तर ठीक आहे.

जेवणाच्या सुट्टीत तुझे ट्रॅक मी आमच्या शांत खोलीत नेले. पंखे जिथे मोजतो ती ही खोली. भिंतींना फोम आहे, आवाज परत येत नाही. तिथे एक गोष्ट सोपी झाली. चमच्यांचा मूळ आवाज तू एकदाच रेकॉर्ड केला आहेस आणि तोच नऊ ठिकाणी वापरला आहेस. म्हणजे तुझ्या अल्बमात तूच एक माप ठेवून दिलं आहेस. फाइलींवरच्या तारखांप्रमाणे मी ट्रॅक लावले, आणि प्रत्येकात चमचे किती वर ठेवले आहेत ते कागदावर मांडलं. रेघ चढत जाते. मध्ये कुठेही खाली येत नाही. सैल वायर अशी वागत नाही. सैल वायर कधी लागते, कधी सुटते.

याचं कारण मला सुचलं आहे. खात्री झाल्यावर लिहीन.

तोवर उजवी बाजू मी माझ्या अंदाजाने सरळ केली आहे आणि फाइली परत पाठवते आहे. ऐक.

बाबांनी काल तुझा विषय काढला. काढला म्हणजे, टीव्हीवर कुणीतरी नाचत होतं, तेव्हा म्हणाले, "आपला मोठा माणूस काय म्हणतो?" मी म्हटलं, अल्बम काढतोय. "काढू दे. हाक मारली तर वळेल तरी का बघ." आत्याकडचा तो प्रसंग ते अजून विसरलेले नाहीत. सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी तुला मागून तीन-चार हाका मारल्या आणि तू गप्पा मारत उभा राहिलास. त्यानंतर जे झालं ते झालं. तू त्या दिवसापासून आमच्याकडे आलेला नाहीस. मी तेव्हा बाबांच्या बाजूची होते. आज कुठल्या बाजूची आहे ते विचारू नकोस. मला तुझा एक जुना ट्रॅक हवा आहे, त्या वर्षातला. असला तर पाठव.

तुझी बहीण


२९ मार्च

दादा,

तुझा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला. वहिनींच्या फोनवरून आलेला निरोप मी पुन्हा पुन्हा लावला.

"मोजपट्टी, तू माझ्या गाण्यांवर घोंगडं टाकलंस. उजवीकडचं सगळं मेलंय. जगातले सगळे पंखे तुझं ऐकत असतील, मी पंखा नाही."

मागे वहिनी चांगल्या खळखळून हसल्या. तू थांबला नाहीस, "हसतेस काय" असंही म्हणाला नाहीस. त्यावरून त्या तुझ्या उजव्या हाताला उभ्या होत्या असा माझा अंदाज आहे. बरोबर असला तर खाली लिहिलेलं वाच. चूक असला तरी वाच.

हेडफोन उलटा घाल. उजवा डाव्या कानावर, डावा उजव्यावर. मग नववा ट्रॅक लाव, माझा नाही, तुझा मूळचा. आता चमचे डाव्या कानात येतील. ते तुला टोचले, तर हेडफोन ठीक आहे, वायर ठीक आहे, स्पीकर ठीक आहे.

मग राहतं ते एकच.

हे सांगायची चांगली पद्धत मला येत नाही. आमच्याकडे मोठ्या यंत्रांजवळ काम करणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासतात. त्यांच्या कागदावर एक खड्डा दिसायला लागतो, उंच आवाजांच्या जागी. आधी घंटा, किल्ल्या, चमचे यांचा आवाज जातो. बोलणं बराच काळ ऐकू येत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. तुझा अल्बम मी त्या कागदासारखा वाचला. तसा वाचायला नको होता, पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. हॉलमध्ये वाजवताना तुझ्याजवळचा स्पीकर इतकी वर्षं उजवीकडे असायचा, हे मला आठवतं. तू फोटो टाकायचास.

गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येतं. आमच्या कंपनीत येणारे कानांचे डॉक्टर शांत माणूस आहेत, फार बोलत नाहीत. मी वेळ घेऊन ठेवू का?

मी केलेली दुरुस्ती बरोबर आहे. तुला ती घोंगड्यासारखी वाटणारच. बाकी सगळ्यांना ती बरोबर वाटेल. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे, दुसरं सुचलं नाही.

तुझी बहीण


१३ एप्रिल

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी रविवारी तुमच्याकडे आले. जिना चढताना मला वाटत होतं की तू दार उघडणार नाहीस. तू उघडलंस आणि म्हणालास, "ये, मोजपट्टी. चप्पल काढ, फरशी नववीत आहे." तीन पावलं आत आल्यावर मला कळलं की फरशी पुसायचा आवाज नवव्या ट्रॅकमध्ये आहे. इतक्या दिवसांनी भेटल्यावर पहिलं वाक्य असं बोलणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.

पत्र यासाठी की त्या दुपारी एक संभाषण तुझ्या शेजारी झालं आणि तुझ्यापर्यंत आलं नाही. ते तुझ्याबद्दल होतं. तुला ते मिळायला हवं.

तुला आठवत असेल, मी आणलेले आलेख तू टेबलावर पसरून बघत होतास. धुण्याचं यंत्र चालू होतं. वहिनी आणि मी तुझ्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर बसलो होतो. आधी कुजबुजत होतो. मग वहिनी नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या. मी डोळ्यांनी खुणावलं.

"अगं, बोल मोकळेपणानं," त्या म्हणाल्या. "या बाजूला मी काहीही बोलते. परवा शिव्या घातल्या, छान गुणगुणत बसला होता."

"कधीपासून, वहिनी?"

"तुला तारीख हवी असेल. मला नाही सांगता येणार. आधी वाटलं, माझा कंटाळा आलाय. मग वाटलं, दुसरी कुणी आहे. बाई गं, किती बरं झालं असतं."

त्या हसल्या आणि तू पान उलटलंस.

मग म्हणाल्या, "भिंतीकडची खुर्ची घेतो, उजवीकडे कुणी बसू नये म्हणून. आज तू आलीस म्हणून ती सोडली, पाहुणचार. पाहुण्यांत गेलो, की सगळे हसल्यावर हा हसतो, अर्धा क्षण मागून. झोपताना डाव्या कुशीवर वळला की त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तेव्हा मी त्याच्याशी बोलते. घर बदलू या, मला मूल हवंय, मला भीती वाटते. सगळं सांगून झालंय माझं. त्याला काही माहीत नाही."

एवढंच. मी शब्द बदललेले नाहीत. त्यांना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिही. माझ्याच्यानं समोरून नाही होत."

नंतर वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि तू आलेख गुंडाळून मला परत दिलेस.

"मला माहीत आहे," तू म्हणालास.

"कधीपासून?"

"चौथ्या ट्रॅकपासून."

"मग वायर ठीक आहे असं का—"

"ठीकच होती ना वायर."

तू म्हणालास, "जगात इंजिनिअर कमी आहेत का? तुझ्याकडे का पाठवलं असेन मी? तू मोजतेस, सरळ करतेस आणि बोलत नाहीस."

"मी तीन पत्रं लिहिली."

"तेच. तिथे माझा अंदाज चुकला."

घोंगड्याबद्दल मी विचारलं. तू सांगितलंस की तुझ्या मते ऐकणं थोडंसंच गेलं होतं. माझ्या फाइली ऐकल्यावर किती गेलं ते कळलं, आणि राग कुणावर तरी काढायचा होता. डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा म्हणालास, "ते काय सांगणार? बंद कर. बंद करून काय करू, पंखे मोजू?" मी म्हटलं, आमच्याकडे एक जागा आहे. "दे मग अर्ज," तू म्हणालास. दोघंही हसलो. ते हसणं खरं होतं.

मग तू मला ते विचारलंस. यापुढचं सगळं काम माझ्याकडे येईल. उजवा कान मी. अल्बमवर माझं नाव. "आपण दोघं मिळून एक माणूस," असं म्हणालास. मी विचार करते म्हटलं आणि बस पकडली.

मी विचार केला. तू माझ्याकडे इतक्या वर्षांत काही मागितलेलं नाहीस. मी सरळ करत राहिले तर तू येत राहशील, फोन करशील, मला जिन्यावर चेष्टेने हाक मारशील. आणि हॉलमध्ये स्पीकरजवळ उभा राहत राहशील. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

अल्बमची लेव्हल मी लावली आहे. सोबत आहे. नाव घालू नकोस.

मोजपट्टी


३ मे

दादा,

अल्बम बाहेर आला. आमच्या ऑफिसातली एक मुलगी तो कानात घालून काम करते. ते तू केलं आहेस हे तिला माहीत नाही. काल तिच्या खांद्याकडे बघून मी ओळखलं की तिसरा ट्रॅक चालू आहे. कुणालाही काही टोचत नाही. वर्तमानपत्रात "घरगुती, पण विलक्षण स्वच्छ" असं छापून आलं. वहिनींनी कात्रण पाठवलं.

त्या रविवारी मी एक आलेख पिशवीतून बाहेर काढला नव्हता.

डावीकडे तू बाटलीचं झाकण वाजवलं आहेस. तेही एकदाच रेकॉर्ड केलेलं, तेही सगळीकडे आहे. सातव्या ट्रॅकपर्यंत त्याची रेघ सपाट आहे. आठव्यात थोडी वर जाते. नवव्यात आणखी. थोडी म्हणजे इतकी थोडी की मी आधी माझी चूक धरली, आणि पुन्हा मोजलं. चूक नव्हती.

उजवा कान गेला हे तू पचवलं होतंस. तुझ्या सगळ्या हिशेबात डावा शाबूत होता. टेबलाशी बसून तू इतका निवांत दिसत होतास की मला ते काढवलं नाही. आता दौरा ठरला आहे, आठ शहरं, असं वहिनी म्हणाल्या. म्हणून लिहिते आहे. एकच प्रश्न आहे. हॉलमध्ये तुझ्याजवळचा स्पीकर हल्ली कुठल्या बाजूला असतो?

बाबांना मी सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आत्याकडे त्याला ऐकूच गेलं नव्हतं?" मी म्हटलं, सांगता येत नाही, तेव्हाचा आलेख माझ्याकडे नाही. तू तो जुना ट्रॅक पाठवला नाहीस. ते म्हणाले, "नसेलच गेलं." थोड्या वेळाने म्हणाले, "तरी सहज वळून बघायला काय झालं होतं?" मग उठून आत गेले. टीव्ही त्यांनी मोठा केला. का ते मला समजलं नाही.

मोजपट्टी


११ मे

दादा,

उत्तर मिळालं. या वेळी तुझ्या अक्षरात.

"स्पीकर डावीकडे घेतला. उजवीकडे असून उपयोग काय? बाकी दौरा झाल्यावर बघू. पहिल्या शोला तू आवाजाच्या टेबलामागे उभी राहा. हॉलचा माणूस अल्बम ओळखत नाही. तू ओळखतेस."

ज्या कानाने अजून ऐकू येतं, त्याच कानाशी तू तो स्पीकर आणून ठेवलास. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. ऐकू यायला हवं म्हणून ऐकू येणाऱ्या बाजूला ठेवला. मला यात तुझी चूक दाखवता येत नाही.

वेळ घेतली आहे. डॉक्टर दौऱ्याआधी बघतील. तू आला नाहीस तर मी तुझ्या नावाने बसून राहीन, त्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे.

येईन. टेबलामागे उभी राहीन.

मोजपट्टी


१ जून

दादा,

तू डॉक्टरांकडे आला नाहीस. ते म्हणाले, असे बरेच असतात. मी तुझी वेळ पुढच्या माणसाला दिली.

कालच्या पहिल्या शोबद्दल वहिनींनी तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी काय केलं ते मी लिहिते.

दुपारी तालमीच्या वेळी मी तुला कानात घालायचे बोळे दिले होते, आमच्याकडचे, चांगले. तू ते खिशात ठेवलेस आणि म्हणालास, "दिवसभर पोळी भाजणाऱ्याला हातमोजे देतेस होय?" हॉलचा माणूस हसला. मीही हसले असेन.

शो सुरू झाला तेव्हा तुझ्या डावीकडच्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायची दांडी माझ्या बोटाखाली होती. लोकांना जाणारा आवाज वेगळा, तुला येणारा वेगळा. त्यामुळे मला वाटलं, मला काहीतरी करता येईल. प्रत्येक ट्रॅक बदलताना मी तुझा आवाज किंचित खाली घेत गेले. इतका किंचित की माणसाला फरक कळत नाही. हे मी अंदाजाने लिहीत नाही, एवढा फरक कळत नाही हे मोजलेलं आहे. चार ट्रॅक तुला पत्ता लागला नाही. लोक नाचत होते. वहिनी पहिल्या रांगेत होत्या आणि चप्पल हातात घेऊन नाचत होत्या. मला वाटलं, जमेल. आठ शहरं मी अशीच खाली खाली नेईन आणि तुला कधी सांगणार नाही.

मग तू डावा हात लांब केलास आणि तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवलास. ऐकू येत नसेल तेव्हा तू हाताने ऐकतोस, हे मला माहीत नव्हतं. ते माझ्या कुठल्याच आलेखात नव्हतं. थोडा वेळ तू तसाच उभा होतास. मग टेबलाकडे पाहिलंस. रागावला नव्हतास. मी चूक केली असं तुला वाटलंच नाही, हॉलची यंत्रं अशीच असतात असं काहीतरी तुझ्या चेहऱ्यावर होतं. तू बोट वर केलंस.

अल्बममधला दुसरा ट्रॅक तू काल पाचवा लावला होतास आणि तो संपत आला होता, माझा पाय हलला होता तो. त्यावर तुला पुढचा जुळवायचा होता. तो तुला नीट ऐकू आला नसता, तर ठोका चुकला असता आणि एवढ्या लोकांचे पाय जागच्या जागी थांबले असते. ते तुझ्या तोंडाकडे बघत होते. विचार करायला एका ओळीइतकाही वेळ नव्हता.

मी दांडी वर सरकवली, होती तिथपर्यंत.

तू मान हलवलीस. बोट खाली घेतलं नाहीस. मी आणखी थोडी सरकवली. तेव्हा तू हसलास, लहानपणी मी तुझ्यासाठी दार धरून ठेवायचे तेव्हा हसायचास तसा, आणि बोट पुन्हा वर केलंस.